वीतभर खंजिरी

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नणंदेचा मुलगा अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आला होता. शिकतो इंजिनिअरिंगला, पण जीव सगळा गिटारीत. जेवतानासुद्धा ताटाच्या काठावर बोटं वाजत असतात. या वेळी त्याच्या डोक्यात लूपिंग पेडल नावाची वस्तू शिरली होती. मला काही कळेना, तेव्हा त्याने नीट समजावून सांगितलं. पायाने दाबायची एक डबी असते. गिटारीवर चार ठोके वाजवायचे आणि डबी दाबायची. तेवढा तुकडा ती लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहते. त्यावर आपण दुसरा तुकडा चढवायचा, मग तिसरा. एकटा माणूस बघता बघता अख्खी पार्टी होऊन बसतो.

साधी डबी चार-पाच हजारांपासून मिळते म्हणे. तिला एकच कळ, सगळे तुकडे एकावर एक. मोठी घ्यायची तर पन्नास हजारांच्या पुढे. तिच्यात चार-सहा तुकडे वेगवेगळे ठेवता येतात, हवा तो बंद करता येतो, ठेकेही आतच भरलेले असतात. भाच्याचा हट्ट होता की घ्यायची तर मोठीच, लहानीवर काही धड होत नाही. नणंदेचं तोंड उतरलेलं. तिच्या घरचं दुकान बेताचं चालतं आणि पोरगा तर शब्दही खाली पडू देईना.

खरं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण कोणत्या तोंडाने? आमच्या वस्तीतल्या बायकांचं भजनी मंडळ मी गेली काही वर्षं सांभाळते. बचत गटातूनच ते उभं राहिलं. मागच्या वर्षी स्पर्धेसाठी आम्ही गटाच्या पैशातून कीबोर्ड घेतला. दुसऱ्या मंडळाकडे होता, म्हणून आपल्यालाही हवा. हा आग्रह सगळ्यात जास्त माझाच होता, हे आज कबूल करते. वाजवणारी कोणी नव्हती, ती मिळेल असं मी धरून चालले. मिळाली नाही. कीबोर्ड जुन्या साडीत गुंडाळून माझ्या कपाटावर ठेवलाय. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायकांचेही पैसे आहेत. कोणी मला बोलून दाखवत नाही, पण कपाटाकडे नजर गेली की मलाच कसंतरी होतं.

आणि मंडळ चाललंय कशावर? तर खंजिरीवर. त्या रात्री भाच्याला मी एका खंजिरीवाल्याची गोष्ट सांगितली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची. आपल्या जिल्ह्यातली माणसं त्यांचं नाव रोज घेतात. गाणारा आणि वाजवणारा माणूस म्हणून मात्र आपण त्यांच्याकडे फारसं पाहत नाही. म्हणून म्हटलं, मैत्रिणींनो, तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगावी.

अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी एप्रिल 1909 मध्ये महाराजांचा जन्म झाला. वडील बंडोजी, आई मंजुळा. मुलाचं नाव ठेवलं माणिक. घरची गरिबी. शाळा जेमतेम झाली. पोराचं लक्ष पुस्तकापेक्षा देवळातल्या भजनाकडे. पुढे वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास लाभला आणि तेच त्याचे गुरू झाले. माणिकचा तुकड्या त्यांनीच केला. भजन म्हणून मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर हा पोरगा राहतो, म्हणून हे नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. मला या नावाची फार गंमत वाटते. माणिक म्हणजे रत्न. ते टाकून भाकरीचा तुकडा नावात घ्यायचा आणि जन्मभर तेच नाव भजनाच्या शेवटी गुंफायचं! आपल्यापैकी कितीजणी मुलाचं असं नाव बदलू देतील?

गुरू गेले तेव्हा माणिक बारा-तेरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने घर सोडलं. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडचं गोंदोडा, अशा रानावनांत तो राहिला, साधना केली. या काळाबद्दल चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत, त्या मी सोडून देते. मला वेगळाच प्रश्न पडतो. रानात गेलेल्या त्या पोराजवळ वाद्य कोणतं असणार? पेटी खांद्यावर घेऊन डोंगर चढता येत नाही. तबल्याची जोडी, तिची बैठक, हातोडी, हे सगळं गरिबाच्या पोराला कुठून मिळणार? खंजिरी मात्र झोळीत बसते.

खंजिरी तुम्ही पाहिली असेलच, तरी सांगते. लाकडाचं वीतभर कडं, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याने वाजवायची. पूर्वी तिला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड आता संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे ते चालत नाही. बकरीचं कातडं किंवा प्लॅस्टिकचा पडदा लावतात. कातड्याची खंजिरी पावसाळ्यात सैल पडते, आवाज बसतो. मग ती शेकोटीजवळ धरून शेकायची की पुन्हा खणखणायला लागते. बिघडली तरी गावातल्या गावात दुरुस्त होते. वीज नको, तारा नकोत.

पण दिसायला सोपी म्हणून वाजवायला सोपी नाही हं. मी स्वतः करून पाहिलंय. उजवा हात ठोका देतो, तेवढ्यात डाव्या हाताने कडं हलवून चकत्या वाजवायच्या, डाव्याच बोटांनी कातडं मागून दाबून आवाज खाली-वर करायचा आणि हे सगळं चालू असताना तोंडाने गायचं. माझं एकतर गाणं चुकायचं नाहीतर ठोका. महाराज हे तासन् तास करायचे, हजारो माणसांसमोर, आणि भजनाच्या मध्येच थांबून लोकांशी बोलायचे, पुन्हा नेमक्या जागी ठेका उचलायचे. खंजिरी स्वस्त होती, पण हात स्वस्त नव्हता. त्यासाठी वर्षं गेली होती.

इथे भाच्याने मला अडवलं. म्हणाला की एका खंजिरीवर एवढं संगीत उभं राहणार कसं, भरायला काहीतरी लागतंच ना. त्याचं बरोबरच होतं. मग मी त्याला भजनाची रचना सांगितली. महाराज एक ओळ गायचे. मागे बसलेले साथीदार तीच ओळ झेलायचे. समोरचा समाज टाळ्यांवर तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणायचा. ठेका फिरून फिरून तोच, धृपद फिरून फिरून तेच. त्या फिरत्या चाकावर महाराज नवं कडवं चढवायचे. कधी सूर उंच न्यायचे, कधी एकदम खाली आणून नुसते बोलल्यासारखे शब्द टाकायचे. म्हणजे तुझी डबी जे करते, तेच काम तिथे शे-दोनशे गळे करत होते. पोरगा यावर गप्प झाला. पटलं म्हणून की झोप आली म्हणून, ते कळलं नाही.

महाराजांनी मराठीत भजनं रचली तशी हिंदीतही रचली. आपल्या वऱ्हाडाला नागपूरकडची आणि मध्य प्रदेशाकडची हिंदी लागूनच आहे. त्यामुळे त्यांचं भजन प्रांताची वेस सहज ओलांडून गेलं. भाषा अशी की पहिल्यांदा ऐकणारी बाईसुद्धा दुसऱ्या वेळी धृपदात सामील व्हावी. झोपडीतल्या समाधानावरची त्यांची कविता तर आपल्या शाळेच्या पुस्तकात होती. चाली ठसक्याच्या, शब्द तोंडात बसणारे. सोपं लिहिणं किती कठीण असतं हे बी.ए.ला साहित्य शिकताना मला कळलं नव्हतं. बायकांसाठी भजन निवडायला लागले तेव्हा कळलं.

1935 मध्ये सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला, त्याला लाखो माणसं लोटली होती. तिथून त्यांचं नाव सगळीकडे झालं. त्याच सुमारास मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. नागपूर-अमरावती रस्त्याने जाताना आपण सगळ्याजणी तिथे थांबतोच. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. सुमारे महिनाभर ते तिथे राहिले. तोवर भक्तीची असलेली त्यांची भजनं पुढे गावाच्या सफाईची, व्यसनमुक्तीची, शिवाशिव मोडण्याची आणि स्वातंत्र्याचीही झाली. वाद्य तेच, ठेका तोच. त्यावर चढवलेलं कडवं तेवढं बदललं.

आणि त्या कडव्याचं मोल मोजावं लागलं. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. आपल्याकडचं यावलीही त्या लढ्यात होतं. लोकांना उठवण्यात महाराजांच्या भजनांचा वाटा आहे, हे इंग्रज सरकारने ओळखलं होतं. 28 ऑगस्ट 1942 रोजी चंद्रपूरला त्यांना पकडलं. आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबरमध्ये सुटका झाली. विचार करा, ज्याच्याजवळ बंदूक नाही, पैसा नाही, पक्ष नाही, अशा माणसाला शंभर दिवस डांबून ठेवावंसं सरकारला वाटलं. गाणं एका माणसाचं असतं तर त्याला एवढी भीती वाटली नसती. ते हजारो तोंडांत बसलं होतं.

सुटून आल्यावर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं काम गावोगाव बांधलं. सकाळी ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. जातीधर्माचा भेद न करता एका ओळीत बसायचं. मोझरीला छापखाना घातला, श्रीगुरुदेव नावाचं मासिक काढलं. तेव्हा यंत्राशी त्यांचं वैर होतं असं कोणी समजू नये. छापखाना काही स्वस्त नसतो. पण त्याची गरज होती, भजनं आणि विचार घराघरात पोचवायचे होते, आणि चालवणारी माणसंही होती. (माझ्या कपाटावरच्या कीबोर्डाला यातलं काही नव्हतं!)

1955 मध्ये त्यांची ग्रामगीता आली. एक्केचाळीस अध्याय, साडेचार हजारांहून जास्त ओव्या. त्यात गावाची स्वच्छता आहे, शेती आहे, शिक्षण आहे, आणि महिलोन्नती नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. घर आणि गाव घडवणारी बाई अडाणी आणि परावलंबी ठेवली तर गाव कसं सुधारेल, असा त्यांचा रोख आहे. मी गटाच्या बैठकीत हा अध्याय वाचायला घेते तेव्हा म्हाताऱ्या आजीबाई माना डोलावतात आणि त्यांच्या सुना हळूच हसतात. कारण घरी गेल्यावर काय होतं ते दोघींनाही माहीत असतं. असो.

त्याच वर्षी, म्हणजे 1955 मध्ये, महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी गेले. यावलीचा माणूस जपानला, आणि सोबत काय, तर खंजिरी! समोर बसलेल्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. ठेका मात्र कोणत्या भाषेत वाजवायचा हा प्रश्नच नसतो. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचं खंजिरी भजन ऐकून त्यांना राष्ट्रसंत म्हटलं आणि ती पदवी कायमची चिकटली. 1956 मध्ये देशभरातल्या साधूंचा भारत साधू समाज स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी आणि 1965 च्या पाकिस्तान युद्धाच्या वेळी ते सीमेवर जवानांपुढे जाऊन आले.

या सगळ्या प्रवासात त्यांना मोठं वाद्य परवडलं नसतं का? सुरुवातीला नसतं परवडलं, हे खरं. पण नंतर लाखो माणसं मागे असताना काय हवं ते मिळालं असतं. साथीला पेटी, टाळ, तबला येतही असत. पण हातातली खंजिरी सुटली नाही. माझ्या मते यात साधेपणाचा देखावा नव्हता. समोर बसलेला शेतमजूर उद्या सकाळी उठून काय हातात घेऊ शकेल, हे ते बघत होते. महागडं वाद्य ऐकून माणूस वाहवा करतो आणि घरी जातो. खंजिरी ऐकून माणूस बाजारातून खंजिरी आणतो. वऱ्हाडात गावोगाव खंजिरी भजनी मंडळं निघाली ती यामुळेच. ही आपली माझी समजूत, कोणाला पटो न पटो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बरीच वर्षं खंजिरी पुरुषांच्याच हातात होती. बायकांनी टाळ धरायचे, फार तर टाळ्या द्यायच्या. आता बायकांची खंजिरी मंडळं आहेत आणि स्पर्धाही होतात. आमच्या मंडळातल्या ताई, ज्या खंजिरी वाजवतात, त्या चार घरची धुणीभांडी करतात. सुरुवातीला सासरी फार बोलणी खाल्ली. भांडी घासताना पातेल्याच्या बुडावर ठेका घोटायच्या, घरमालकिणीला वाटायचं हिला घाई झालीय. आज त्या हात उचलतात आणि आम्ही वीसजणी सरळ बसतो. त्यांची खंजिरी आमच्या कीबोर्डच्या नुसत्या पिशवीपेक्षाही स्वस्त आहे.

महाराजांना शेवटी कॅन्सरने गाठलं. 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला त्यांनी देह ठेवला. वय साठही नव्हतं. गुरुकुंजासमोरच त्यांची समाधी आहे. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाचं नाव पदवीच्या कागदावर छापून येतं.

दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला मोझरीला पुण्यतिथीचा सोहळा असतो. संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं आहेत तिथे उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. आम्ही गटाच्या बायका गेलो होतो. ज्या माणसाने जन्मभर ठेका धरला त्याच्यासाठी एवढा समाज एकदम निःशब्द होतो, तेव्हा अंगावर काटा येतो. माझ्या शेजारी आमच्या ताई उभ्या होत्या. चकत्या किणकिणू नयेत म्हणून त्यांनी खंजिरी पदरात घट्ट धरली होती, लेकराला धरावं तशी.

आता भाच्याचं सांगून थांबते. दुसऱ्या दिवशी आमची तालीम होती, त्याला मी सोबत नेलं. फोनवरही त्या डबीसारखी फुकटची सोय मिळते म्हणे. त्याने ताईंच्या खंजिरीचा एक तुकडा फोनमध्ये घेतला आणि छोट्या स्पीकरवर फिरता लावून दिला. आम्ही त्यावर गायला लागलो. आवाज अगदी खरा. दोन कडवी झकास गेली. तिसऱ्या कडव्याला म्हाताऱ्या काकूंना दम लागला, आम्ही सवयीने हळू झालो आणि फोन आपला पुढे निघून गेला! सगळ्याजणी हसत सुटल्या. ताई असत्या तर त्यांनी काकूंकडे बघून हात सैल केला असता. पोराने फोन बंद केला आणि ताईंनाच पुन्हा धरायला सांगितलं. त्यांच्या ठेक्यावर तो तासभर गिटार वाजवत बसला. बरं वाजलं हो. भजनात गिटार चालते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तरी त्याची डबीची हौस गेलेली नाही, जायचं कारणही नाही. एकट्याने रात्री खोलीत बसून नवं काही रचायचं तर ती कामाचीच. कोणाला न उठवता शंभर वेळा तोच तुकडा ती वाजवून देते, तेवढा धीर माणसात नसतो. फक्त आता लहानी घेणार आहे, दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन, स्वतःच्या पैशाने. नणंदेचा अकोल्याहून फोन आला होता. आवाजावरून निवांत वाटली.

आमचा कीबोर्ड अजून कपाटावरच आहे. विकायला काढला तर अर्ध्या किमतीतही कोणी घेईना, आणि गटाचे पैसे तर भरून निघायलाच हवेत. अमरावतीतल्या कुणा मैत्रिणीला वाजवता येत असेल आणि शिकवायची तयारी असेल, तर आमची तालीम दर गुरुवारी दुपारी चारला असते.